हसून दाखव

दुपारचे दोन वाजून गेले आहेत. कवळी काढून मी पाण्याच्या वाटीत ठेवली आहे, वाटी पलीकडे खिडकीच्या कट्ट्यावर आहे, आणि मी खाटेवर आडवा झालो आहे. छातीवर कागदांचा गठ्ठा. हातात पेन्सिल, जेवणानंतर नवी कोरी काढून टोक केलेली. झोपायचं नाही असं ठरवून आडवा होणारा हमखास झोपतो, हे मला माहीत आहे. अडतीस वर्षं मी दुपारचे वर्ग घेतले आहेत.

साडेचारला अपूर्वा येणार आहे. अपूर्वा तोडकर, माझी चौथीची विद्यार्थिनी, आता इंजिनियर. गठ्ठ्यातल्या शेवटच्या कागदावर एक ओळ छापली आहे, 'सर्व खुणा मी पुन्हा तपासल्या असून त्या बरोबर आहेत.' तिच्याखाली माझी सही हवी आहे. सही झाली की सोमवारपासून आणखी चाळीस आजारी मुलांच्या उशाशी डबडू बसेल.

डबडू म्हणजे मांजराएवढं एक यंत्र. वरून मऊ कापडाचं आवरण, आत तारा. त्याच्या डोळ्यांत कॅमेरे आहेत, कानांत माइक आहेत, आणि पोटात एक पट्टी आहे, मुलाने त्याला किती घट्ट धरलंय ते समजण्यासाठी. मूल खुशीत असलं की त्याच्या छातीवरचा दिवा पिवळा होतो. उदास असलं की निळा. दुखत असलं किंवा भीती वाटत असली की लाल, आणि लाल झाला की सिस्टरच्या टेबलावर घंटा वाजते. अपूर्वाने त्याला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं. वॉर्डातल्या मुलांनी पहिल्याच दिवशी त्याचं डबडू केलं.

यंत्राला चेहरे शिकवावे लागतात, आपण पहिलीच्या मुलाला अक्षरं शिकवतो तसेच. हा खुशीतला, हा घाबरलेला, हा दुखणारा. पुन्हा पुन्हा दाखवत राहायचं, मग ते आपलं आपण ओळखू लागतं. वॉर्डातल्या मुलांच्या चेहऱ्यांचे साडेतीनशे फोटो अपूर्वाने माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "गुरुजी, तुम्हाला आमच्या तोंडाकडे बघून पोटातलं कळायचं. तुम्हीच खुणा करा." मला फार बरं वाटलं होतं तेव्हा. प्रत्येक चेहऱ्याखाली मी सुवाच्य अक्षरात एकेक शब्द लिहिला.

आता तेच कागद छातीवर आहेत आणि आठ दिवस मी पहिल्या पानापुढे गेलेलो नाही. पहिल्या पानावर एक मुलगी हसते आहे. खाली माझंच अक्षर आहे, 'खुशीत'. ते अक्षर जवळ येतं, लांब जातं. पंखा फिरतो आहे. वाटीतलं पाणी हललं की छतावर उजेडाचा एक तुकडा हलतो. मी त्या तुकड्याकडे पाहतो आहे.

कुणीतरी माझ्या पायाचा अंगठा ओढतं.

"गुरुजी, निजलाय व्हय?"

खाटेच्या पायथ्याशी कार्तिकी हावळ बसली आहे. आठ वर्षांची, इचलकरंजीची, वडील यंत्रमागावर. अंगात हॉस्पिटलचा निळा झगा. औषधांनी केस गेले म्हणून डोक्याला बांधलेला पिवळा रुमाल. वरचा एक दात पडलेला आहे, त्या फटीतून ती जीभ बाहेर काढते. तीन आठवड्यांपूर्वी ती गेली. मला ते माहीत आहे, तिलाही माहीत आहे, आणि आम्हा दोघांनाही त्याचं नवल वाटत नाही.

"नाही गं. वाचतोय."

"डोळं झाकून?"

"तू कधी आलीस?"

"मगाशीच आलो की." आमच्याकडच्या मुली बोलतात तसं ती 'आलो', 'गेलो' म्हणते. वॉर्डात मी तिची बोली कधी सुधारायला गेलो नाही. "चला. शाळा भरली. तुमीच उशीर केला तर पोरांनी काय करायचं?"

मी उठतो. दात लावायचे राहून जातात. दार उघडतो तर जिना नाही, माझ्या जुन्या शाळेचं पटांगण आहे. ऊन आहे पण कुणाचीच सावली पडलेली नाही. मुलं गोल करून उभी आहेत. मधे एक मुलगी पडली आहे. दोन वेण्या, लाल रिबिनी. अपूर्वा. ती आठ वर्षांची आहे आणि तिचा गुडघा फुटला आहे.

मी पुढे होतो. माझ्या वर्गाची एक रीत होती. कुणी पडलं, लागलं, तर मी शेजारी उकिडवा बसायचो आणि म्हणायचो, हसून दाखव बघू. मूल हुंदका गिळून हसलं की सगळ्या वर्गाने तीन टाळ्या वाजवायच्या. छड्या मारणाऱ्या मास्तरांच्या काळात ही रीत मी स्वतः काढली होती. आईबाप कौतुक करायचे. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेऱ्यात लिहिलं होतं.

"हसून दाखव बघू," मी म्हणतो.

अपूर्वा हसते. ओठ थरथरतात, पण हसते. टाळ्या वाजतात. एक, दोन, तीन.

कार्तिकी टाळ्या वाजवत नाही. ती वाकून गुडघ्याकडे बघते आहे. "गुरुजी, आतलं पांढरं दिसालंय."

"रडत नाही बघ ती. शूर आहे."

"रडाली न्हाई म्हणून पांढरं दिसाय बंद हुतंय व्हय?"

मुलांच्या प्रश्नाला थांबून उत्तर द्यायचं, टाळायचं नाही, हे मी आयुष्यभर पाळलं आहे. पण मी तोंड उघडतो तेव्हा पायाखाली माती नाही, फिनेलने पुसलेली फरशी आहे. सहा खाटा आहेत. भिंतीवर मी लावलेली बाराखडी आहे. निवृत्तीनंतर रोज सकाळी मी इथे शिकवायला येतो. मुलं सुई टोचून घेतात. मी म्हणतो, हसून दाखव. तीन टाळ्या. अपूर्वाला ही रीत आठवत होती, म्हणून तिने डबडूलाही शिकवली. मूल हसलं की तो आपल्या मऊ पंजांनी थप थप थप करतो.

कार्तिकी आपल्या खाटेवर चढते, खिडकीजवळच्या. डबडू तिची वाटच बघत होता. ती त्याला मांडीवर घेते. त्याच्या छातीवर पिवळा दिवा लागतो.

"ह्याच्यावर रागावू नका हं," ती म्हणते. "त्यो हुशार हाय."

"मी कुठे रागावतोय?"

"मी गेल्यावर तुमी सगळी मिळून त्याला टेबलावर उघडलासा. त्याचं कान तपासलं. त्याचं कान चांगलं हायत."

"माहीत आहे मला."

ती उशीखालून पेन्सिल काढते आणि दातांत धरते. कडकड आवाज येतो.

"कार्तिकी, पेन्सिल चावू नये."

ती इतकी हसते की पेन्सिल तोंडातून पडते. "मेल्यावर बी तेच! रोज तेच! गुरुजी, दुसरं काय येतं का न्हाई तुमाला?"

"मग चावतेस कशाला सारखी?"

"दुखलं की."

पंख्याचा आवाज थांबतो. सिस्टर लांब टेबलाशी काहीतरी लिहिते आहे. तिचा पेन कागदावर चालतो आहे पण आवाज नाही.

"दुखलं की?" मी विचारतो.

"व्हय. लई दुखलं की लई चावतो. थोडं दुखलं की थोडं."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुमी इचारलंच न्हाईसा. तुमी म्हणलासा, चावू नको."

ती गेली त्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी तिच्या हातातून पेन्सिल काढून घेतली होती. पार कुरतडलेली होती, शिसं दिसत होतं. रागावलो नव्हतो, मी मुलांवर रागावत नाही. हळूच काढून खिशात घातली होती आणि म्हणालो होतो, उद्या नवी देईन, आता हसून दाखव. ती हसली होती. मग मी घरी आलो होतो, जेवलो होतो, कवळी वाटीत ठेवून झोपलो होतो. तिच्या पोटात आतडं फुटलं होतं. दोन वाजल्यापासून चार वाजेपर्यंत ती डबडूकडे बघून हसत होती, आणि डबडूचा दिवा पिवळा होता. चारला सिस्टर औषध द्यायला आली तेव्हा तिचे हात गार पडले होते. दोन तास आधी कळलं असतं तर, एवढंच डॉक्टर म्हणाले आणि वाक्य पुरं केलं नाही.

"त्यो लाल का झाला न्हाई, सांगू?" कार्तिकी विचारते.

"सांग."

"तुमीच सांगा. तुमाला येतंय उत्तर."

आणि आम्ही तिच्या वडिलांच्या मागाच्या शेडमध्ये आहोत. दोन्ही बाजूंनी माग खडखडत आहेत, हवेत कापसाचे बारीक तंतू आहेत, ते कार्तिकीच्या पिवळ्या रुमालावर बसत आहेत. मागांच्या मधल्या वाटेत अपूर्वाचं टेबल आहे. टेबलावर डबडू पोट उघडून पडला आहे आणि मोठी अपूर्वा त्यावर वाकली आहे. ती मला काहीतरी विचारते. मागांच्या आवाजात ऐकू येत नाही, पण प्रश्न मला पाठ आहे. तिने तो गेल्या पावसाळ्यात विचारला होता. गुरुजी, चेहरा एक सांगतोय आणि हाताची पकड दुसरंच सांगतेय, असं झालं तर डबडूने कुणाचं ऐकायचं?

"चेहऱ्याचं," मी म्हणतो. तेव्हा म्हणालो होतो तस्सं. "मूल चेहऱ्याने खोटं बोलत नाही."

अपूर्वा मान डोलावते आणि स्क्रू फिरवते.

कार्तिकी माझ्या कानाला तोंड लावते. "हितं कुणाला कुणाचं ऐकाय येत न्हाई. पप्पांची नजर सुतावर असती, तोंडाकडं बघाय बी गावत न्हाई. मी डबा घिऊन आलो की पप्पा नुसता हात धरत्यात. हातावरनं त्यास्नी सगळं कळतंय. भूक लागलीय का, मार खाल्लाय का, सगळं."

"त्या आधीच्या रविवारी आले होते ना ते तुला भेटायला."

"आलतं की. हात धरला नि म्हणलं, गुरुजी, पोरीला लई दुखतंय ओ. मग तुमी काय म्हणलासा?"

मला ते म्हणायचं नाही. माग थांबतात, सगळे एकदम, आणि त्या शांततेत माझाच आवाज येतो, समजावणीचा, गोड, मंद मुलाला गणित समजावताना असतो तसा. "हावळ, घाबरू नका. हे बघा, दिवा पिवळा आहे. पिवळा म्हणजे खुशीत."

तिचे वडील दिव्याकडे बघतात. मग माझ्याकडे. मग तिचा हात हळूच चादरीवर ठेवतात. शिकलेल्या माणसाचं ऐकावं म्हणून ठेवतात.

मी बाकावर बसलेलो आहे. बाक बुटका आहे, गुडघे छातीशी आले आहेत. माझ्या शेजारी डबडू बसला आहे. वर्गात आम्ही दोघंच. फळ्यापुढे कार्तिकी उभी आहे, झग्याच्या बाह्या वर सारून, माझ्यासारखीच एक हात पाठीमागे धरून.

"आज चेहरं शिकायचं," ती म्हणते. "नीट बसा. डबडू, गुरुजींच्या वहीत बघायचं न्हाई."

डबडू मान सरळ करतो.

"ह्यो कुठला?" ती हसते. दातांतली फट दिसते. हे पहिल्या पानावरचं हसू आहे, माझ्या छातीवर आठ दिवस पडलेलं.

डबडूचा दिवा पिवळा होतो. त्याला आलं म्हणून तो खूश आहे.

"गुरुजी, तुमी सांगा."

मी बोलायला जातो, पण तोंडात दात नाहीत आणि शब्द हिरड्यांवरून घसरतात. ती माझ्याजवळ येते आणि माझा हात धरते. आठ वर्षांचा हात, सलाइनच्या पट्टीचा डिंक लागलेला. आधी नुसती धरते. मग दाबते. बोटं एकमेकांवर चढतात, हाडाला हाड लागतं, आणि ते हातातून वर सरकतं, खांद्यातून खाली उतरतं, पोटात जाऊन बसतं. जळता निखारा गिळावा तसं. मी बाकावर वाकतो. ओरडायचं आहे.

"हसून दाखवा बघू," ती हळूच म्हणते.

आणि मी हसतो. कुणी जबरदस्ती करत नाही. ओठ आपोआप फाकतात, गाल वर जातात. इतकी वर्षं शिकवलेलं मलाही येतं.

डबडू मान वळवून माझ्याकडे बघतो. फार लक्ष देऊन बघतो, पहिल्या बाकावरचा मुलगा बघतो तसा. मी डोळ्यांनी त्याला सांगायचा प्रयत्न करतो. दुखतंय रे. लाल हो. त्या टेबलाशी सिस्टर बसली आहे, तिला बोलाव. त्याचा दिवा चमकतो. पिवळा. तो पंजे उचलतो.

थप, थप, थप.

"सोड," मी म्हणतो. आवाज फुटतो एकदाचा. "कार्तिकी, सोड गं. कळलं."

ती सोडते. दुखणं जातं, पण त्याची जागा तशीच राहते. ती समोरच्या बाकावर बसते आणि पाय हलवत राहते.

"मी सही नाही करणार," मी म्हणतो.

"बरं."

"साडेतीनशेच्या साडेतीनशे खुणा पुन्हा करीन. मुलांचे हात बघून करीन. अपूर्वाला सांगेन, चूक माझी होती. मुलांना खोटं हसायला मीच शिकवलं आणि यंत्राला ते खरं मानायला पण मीच शिकवलं. दोन्ही विद्यार्थी माझेच."

"बरं."

"मग तुला..." मी थांबतो. मग तुला बरं वाटेल का, असं काहीतरी विचारायचं होतं.

"मी काय परत येतोय व्हय?" ती म्हणते. रागाने नाही. पाढ्यातला आकडा सांगावा तसं.

"मग आलीस कशाला?"

"पेन्सिल न्यायला. तुमच्या खिशात हाय. उद्या नवी देतो म्हणला हुतासा."

मी खिसे चाचपतो. सदऱ्याचा, आतला. पेन्सिल माझ्या हातातच आहे, नवी, टोक केलेली. मी ती पुढे करतो. ती घेते, उलटसुलट करून बघते आणि दातांत आडवी धरते. तिचे डोळे बारीक होतात. कानामागची शीर फुगते. कड, असा आवाज येतो. मी तिला चावू नकोस म्हणत नाही. मी बघतो. इतक्या वर्षांत कुठल्या मुलाकडे बघितलं नसेल तसं बघतो.

"दुखतंय?" मी विचारतो.

ती पेन्सिल तोंडातून न काढताच मान हलवते. हो. ती हसत नाही. तिचा न हसणारा चेहरा मी पहिल्यांदाच पाहतो आहे, आणि तो साडेतीनशे कागदांत कुठेही नाही.

"किती?"

ती पेन्सिल काढून माझ्या तळहातावर ठेवते आणि माझी बोटं तिच्याभोवती मिटवते. "हे बघून सांगा," ती म्हणते.

बाहेर कुणीतरी टाळ्या वाजवतं. एक, दोन, तीन.

पुन्हा. एक, दोन, तीन.

दारावर थाप पडते आहे. मी खाटेवर आहे. कागद जमिनीवर पसरले आहेत. छतावरचा उजेडाचा तुकडा भिंतीवर उतरला आहे. साडेचार वाजले आहेत.

माझी उजवी मूठ मिटलेली आहे, इतकी घट्ट की उघडायला डाव्या हाताची मदत घ्यावी लागते. आत पेन्सिल आहे. तिच्या पिवळ्या रंगावर खड्डे पडले आहेत, खोल, लाकडापर्यंत. ती ओली आहे. मी उजेडाकडे धरून बघतो. बारीक दातांच्या खुणा. दोन जवळजवळ, मग एका दाताएवढी रिकामी जागा, मग पुढची.

पलीकडे खिडकीच्या कट्ट्यावर माझी कवळी वाटीत आहे, पाण्याखाली, मी ठेवली तशीच.

"गुरुजी?" दाराबाहेरून अपूर्वाचा आवाज येतो. "मजेत ना?"

या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे, आणि तिचंही. मी उठतो, दात न लावताच दार उघडतो. ती हसते आहे. लहानपणापासून हसते तशीच. मी तिच्या चेहऱ्यावरून नजर काढून खाली बघतो. बॅगेचा पट्टा तिने असा धरला आहे की पेरं पांढरी पडली आहेत. तीन आठवडे ती अशीच येते आहे बहुतेक. मी बघितलं नव्हतं.

"नाही," मी म्हणतो. "मजेत नाही. सही होणार नाही, अपूर्वा. खुणा चुकल्यात. मीच चुकवल्यात."

ती तरीही हसतेच आहे. ओठ थरथरतात, पण हसते. मी तिचा हात पट्ट्यावरून सोडवतो, त्यात पेन्सिल ठेवतो. तिचा अंगठा लाकडावरून फिरतो आणि एका खड्ड्यात थांबतो. मग पुढच्या. मग त्या रिकाम्या जागेवर.

"ही कुणी चावली?" ती विचारते.

ती माझ्या बोळक्या तोंडाकडे बघते. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे, खिडकीतल्या वाटीकडे. आणि तिचं हसू जातं.